जुन्या पाइनच्या सामानाला कोणतं पॉलिश?

विदर्भातल्या घरात लाकूड म्हणजे सागवान. बल्लारपूर, आलापल्लीचा माल पिढ्यानपिढ्या पाहिलेल्या माणसाला फिकट पिवळं, गाठीगाठीचं पाइन हे लाकूड वाटतच नाही. म्हणून जुनं पाइनचं टेबल घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "याले सागवानी कलर मारता येते का?" मारता येतो. पण पाइनचं काम बिघडतं ते बहुतेक याच हट्टापायी. रंगाचं नंतर बघू. आधी ती वस्तू कुठे राहणार ते ठरवा: सपरीत (ओसरीत), बैठकीत, स्वयंपाकघरात की पोरांच्या अभ्यासाला? एवढं ठरलं की पॉलिशची निम्मी निवड होऊन जाते.

आपल्याकडे जुनं पाइन दोन वाटांनी येतं. एक, बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत यंत्रं आणि सुटे भाग ज्या पेट्यांतून, पॅलेटवरून येतात त्यांच्या फळ्या. दोन, नागपूर-अमरावतीत भाड्याची खोली सोडणाऱ्यांनी विकलेले पलंग, बुकशेल्फ, टेबलं. जुनी माणसं असल्या फळ्यांना देवदारी म्हणून नाक मुरडायची. मुरडू द्या. वजनाला हलकं, कापायला सोपं आणि नवशिक्यासाठी याहून स्वस्त लाकूड नाही.

घेताना काय बघायचं

नखाने दाबून बघा. पाइन असेल तर वळ उमटतो. गडद गोल गाठी दिसतील, आणि कोपरा जरा घासला की टर्पेंटाइनसारखा वास येईल. गाठ एकही नाही आणि पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा, तर ते रबरवूड किंवा कागद चिकटवलेला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असू शकतो. एमडीएफवर यातलं फारसं काही चालत नाही.

पायाखालची बाजू उलटी करून ठोका. पोकळ आवाज आला, माती लागलेली दिसली, तर वाळवी आत शिरलेली आहे. बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. घरातल्या बाकी लाकडालाही ती कीड जाते.

पॅलेटची फळी असेल तर तिच्यावर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का शोधा. शेजारी 'एचटी' ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता किमान ३० मिनिटं देऊन कीड मारलेली आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला आहे. ती फळी घरातल्या सामानासाठी नको. तेलाचे, रसायनाचे डाग पडलेली फळीही बाजूला ठेवा. त्या डागावर कुठलंच पॉलिश धरत नाही.

आधीचं पॉलिश ओळखा

हे टाळून थेट नवा हात दिला की महिन्याभरात पापुद्रे सुटतात. टेबलाच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर जुनं काम चपडीचं, म्हणजे लाखेच्या पॉलिशचं आहे. स्पिरिटने काही झालं नाही तर थिनर लावून बघा. त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही कडक, प्लास्टिकसारखी पॉलिशं. नखाने खरवडल्यावर तुपकट मळ निघत असेल तर नुसतं मेण किंवा तेल लावलेलं आहे. ते टर्पेंटाइनच्या फडक्याने दोन-तीनदा पुसून काढायचं.

चपडी स्पिरिटनेच उतरते, लॅकर थिनरने. पीयू मात्र चांगलं धरून असेल तर उतरवायच्या भानगडीत पडू नका. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवा, पुसा आणि त्यावरच पीयूचा नवा हात द्या.

जुना ऑइल पेंट असेल तर जपून. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही, त्याची धूळ पोरांच्या पोटात जाते. पाणी लावून, वॉटर पेपरने ओलाच घासा. खाली प्लास्टिक अंथरा आणि निघालेला लगदा त्यातच गुंडाळून टाका. कोंबड्या फिरतात त्या अंगणात तर मुळीच नाही.

घासणं

पाइनच्या प्रत्येक वर्षवलयात मऊ पट्टा आणि कडक पट्टा शेजारी शेजारी असतात. नुसत्या बोटांनी पेपर घासला की मऊ पट्टा खोल जातो, कडक पट्टा वर राहतो आणि फळी लाटालाटांची होते. म्हणून पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळूनच घासायचं, आणि नेहमी रेषांच्या दिशेने. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत. पॉलिश लागलं की एकेक उठून दिसतो.

८० नंबर फक्त खडबडीत पॅलेटला. बाकीच्याला १२० पासून सुरुवात, मग १८०. ऑइल पेंट मारायचा असेल तर इथेच थांबा, पारदर्शक पॉलिश असेल तर २२० पर्यंत जा. कुठे घासलं, कुठे राहिलं हे कळण्यासाठी फळीवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या फिक्या रेघा मारा. रेघा गेल्या म्हणजे त्या नंबरचं काम झालं. पेपरला राळ चिकटून तो गुळगुळीत झाला की बदला. जुन्या पेपरने नुसता हात दुखतो.

खड्डे पडलेले असतील तर लांबी (पुट्टी) भरण्याआधी एक करून बघा. खड्ड्यावर ओलं सुती फडकं ठेवा आणि वरून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तर मात्र उपयोग नाही. पाइन या युक्तीला जेवढं मानतं तेवढं सागवान मानत नाही.

खिळ्यांची भोकं फेव्हिकॉल आणि भुशाने बुजवायची सवय बहुतेक वाढयांना, म्हणजे सुतारांना, असते. ऑइल पेंटखाली ठीक आहे. पारदर्शक पॉलिशखाली ते काळपट ठिपके दिसतात, आणि आजूबाजूला पसरलेला फेव्हिकॉल रंग धरत नाही. फिक्या रंगाचं तयार वूड फिलर आणा, नाहीतर भोकं तशीच राहू द्या. पॅलेटच्या सामानाला ती शोभतात.

शेवटी ओलसर फडक्याने सगळी फळी पुसा, सावलीत पूर्ण वाळू द्या. उठलेली लव २२० ने हलकेच घासून काढा. मे महिन्याच्या दुपारी वाळवायला उन्हात ठेवली तर फळी पिळते किंवा चिरते.

गाठी

पाइनच्या गाठीत राळ असते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात वर टिनाचं छत. अशा खोलीत गाठीतली राळ पातळ होऊन बाहेर येते. वर पांढरा ऑइल पेंट असेल तर तिथे पिवळा डाग उमटतो. पारदर्शक पॉलिश असेल तर चिकट थेंब.

गाठ थिनरने पुसून घ्या आणि फक्त गाठीवर, जरा बाहेरपर्यंत, चपडीचे दोन पातळ हात द्या. राळेला अडवायला चपडीइतकं भरवशाचं काही नाही. गाठीतून आत्ताच राळ झिरपत असेल तर चाकूने तेवढा भाग कोरून काढा आणि फिलर भरा. जिवंत राळेचा कप्पा चपडीनेही थांबत नाही.

सागवानी रंगाचा हट्ट

वर सांगितलेला मऊ पट्टा डाय किंवा स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) जास्त पितो, कडक पट्टा जवळजवळ पीत नाही. त्यामुळे फिका भाग गडद आणि गडद भाग फिका होतो, रेषा उलट्या दिसतात. शिवाय मधे मधे ढगासारखे डाग. तो रंग पुसूनही निघत नाही, पुन्हा लाकूड दिसेपर्यंत घासावं लागतं.

रंग हवाच असेल तर आधी सगळ्या फळीवर अगदी पातळ चपडीचा एक हात द्या, वाळल्यावर ३२० ने हलकं घासा आणि मग स्टेन लावा. रंग कमी चढेल, पण एकसारखा चढेल. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या पॉलिशमध्येच थोडा रंग मिसळणं. माझं स्पष्ट मत: मधाळ, सोनेरी छटेपर्यंत जा, त्यापुढे नको. तसंही उजेडात पाइन आपोआप गडद होतं. आजचं पांढुरकं टेबल काही वर्षांत नारिंगीकडे झुकतं. तेल आणि तेलावर आधारित पीयू ही छटा लवकर आणतात. फिकंच ठेवायचं असेल तर पाण्यावर आधारित पीयू घ्या. तालुक्याच्या दुकानात ते नसतं, मागवावं लागतं.

जागेप्रमाणे निवड

सपरीत किंवा अंगणात राहणाऱ्या बाकड्याला, खाटेला पारदर्शक पॉलिशचा मोह नको. ऊन त्यातून आत शिरतं, खालचं लाकूड राखट पडतं आणि पॉलिश पापडासारखं सुटतं. पाइन मुळातच पावसाला टिकणारं लाकूड नाही. तिथे गाठींवर चपडी, मग वूड प्रायमर, मग ऑइल पेंटचे दोन हात. निळा, हिरवा, जो घराला शोभेल तो. पायांच्या खालच्या टोकांना दुप्पट रंग पाजा, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकाकडूनच पितं, आणि पायाखाली फरशीचे तुकडे किंवा रबरी बूच द्या. सारवलेल्या जमिनीवर थेट टेकलेला पाइनचा पाय म्हणजे वाळवीला आमंत्रण. वाळवीच्या भीतीने काही जण गाडीचं जळकं ऑइल फासतात. गोठ्यातल्या खांबाला ते ठीक असेल. घरातल्या सामानाला लावलंत तर ते कधी वाळणार नाही आणि त्यावर पुढे काहीच बसणार नाही.

बैठकीतली शोकेस, देवघर, फोटोची चौकट, कमी हाताळली जाणारी कपाटं यांना चपडी. घरचाच माल आहे हा: गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे पळस-कुसुमाच्या झाडांवर लाखेचा किडा पोसतात, त्याच लाखेची चपडी होते. लवकर वाळते, चूक झाली तर स्पिरिटने पुसता येते. नवशिक्याने पहिली वस्तू चपडीनेच करावी. तिची खोड अशी की पाणी आणि उष्णता तिला सोसत नाही. चहाचा गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं.

जेवणाचं टेबल, अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकघरातला रॅक यांना पीयू. एका डब्यातलं, ब्रशने लावायचं साधं पीयू पुरे. ज्या स्टुलावर उन्हाळ्यात माठ ठेवायचा त्याला तर पीयूचे चार हात आणि वर थाळी, दोन्ही हवं. झिरपणाऱ्या माठाचं पाणी कुठल्याही पॉलिशला चार महिने सतत सोसत नाही. कूलरच्या ओल्या झोतात येणाऱ्या कपाटाचंही तेच, कपाट सरकवा.

जवसाचं तेल हा जिव्हाळ्याचा विषय, कारण जवस आपल्या शेतातलं. हवेतला प्राणवायू घेऊन हे तेल घट्ट होतं, म्हणून लाकडाला चालतं. शेंगदाण्याचं तेल तसं घट्ट होत नाही, खवट होतं. करडईचं घट्ट होतं, पण फार सावकाश. घाण्याचं कच्चं जवस तेल वाळायला आठवडे घेतं, आणि झडीच्या दिवसांत त्यावर बुरशी धरते. दुकानातलं डबल बॉइल तेल एक-दोन दिवसांत वाळतं, पण त्यात वाळवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. पोळपाट, काथवट, परात ठेवायच्या फळीला ते नको. तेलाने पाइन सुंदर दिसतं, संरक्षण मात्र बेताचंच. हळदीचा हात लागला की डाग आत जातो. तेवढं एक बरं की हळदीचा डाग उन्हाने फिका होतो.

मेलामाईन आणि दोन डब्यांचं पीयू स्प्रेने मारतात, त्याला कॉम्प्रेसर आणि सराव लागतो. ते पॉलिशवाल्याला करू द्या.

चपडी कशी लावायची

एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटला साधारण २०० ते २५० ग्रॅम चपडी. गाठींसाठी आणि स्टेनआधीच्या पातळ हातासाठी याच्या निम्मी. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर भिजवा. लोखंडी डब्यात रंग काळवंडतो. सकाळी जाड सुती कापडातून गाळा. साध्या चपडीत मेण असतं. बाटली हलवू न देता ठेवली तर ते तळाशी बसतं. वरून पीयू मारायचं असेल तर फक्त वरचं निवळलेलं वापरा, मेणावर पीयू धरत नाही.

मऊ सुती कापडात कापसाचा बोळा बांधा, बोळा चपडीत भिजवून पिळा आणि रेषांच्या दिशेने एकाच झपाट्यात फिरवा. वाळू लागलेल्या जागेवर पुन्हा जाऊ नका, तिथे ओढल्याच्या खुणा पडतात. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरा हात. तीन-चार हात झाले की रात्रभर थांबा, ३२० ने हलकं घासा, पुन्हा दोन हात. एवढ्यात बैठकीतल्या वस्तूला पुरेशी झाक येते. हे स्पिरिट विषारी आहे आणि भडकन पेटतं. चूल, बिडी, देवासमोरचा दिवा, सगळं दूर. उरलेली चपडी सहा महिन्यांच्या आत संपवा. जुनी झालेली चपडी चिकटच राहते.

पीयू कसं लावायचं

धूळ हा इथला खरा वैरी. कामाच्या तासभर आधी जमिनीवर पाणी शिंपडा, पंखा बंद ठेवा. डबा हलवायचा नाही, काडीने सावकाश ढवळायचा. हलवला की बुडबुडे येतात आणि तसेच वाळतात. पहिला हात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून द्या, तो लाकूड पिऊन घेतं. पुढचे दोन न पातळ करता. दोन हातांमध्ये किती थांबायचं तेही डब्यावर असतं, ते पाळा. प्रत्येक वेळी ३२० ने हलकं घासून धूळ पुसायची. खालची बाजूही एक हात मारा. वर पॉलिश आणि खाली कोरडं लाकूड राहिलं तर पावसाळ्यात फळी वाकते.

एका लिटरात साधारण १० ते १२ चौरस मीटरला एक हात होतो. ४ बाय २ फुटांच्या टेबलाच्या वरच्या बाजूला तीन हात द्यायला पाव लिटर पुरतं. दुकानदार लिटरचा डबा पुढे करेल, छोटा मागा.

कोणतंही पॉलिश आधी वस्तूच्या पोटावर, वीतभर जागेत, संपूर्ण करून बघा, आणि वाळल्यावर तिथे पाणी, चहा, हळद टाकून बघा. दुकानातल्या रंगपट्टीवर विश्वास नको.

कधी

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. हवा कोरडी, पण जाळणारी नाही. लग्नसराईमुळे सगळे एप्रिल-मेमध्ये पॉलिश काढायला बसतात. तेव्हा पीयू ब्रश फिरायच्या आत वाळतं, ब्रशच्या खुणा राहतात आणि दुपारचा वारा धूळ आणून टाकतो. करायचंच असेल तर पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आटपा. झडीत तर हात लावू नका. दमट हवेत चपडी आणि लॅकर पांढुरके पडतात, तेल आठवडाभर चिकट राहतं.

हिवाळ्यात एक धोका असतो. जवसाचं तेल वाळताना तापतं. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली की ती उष्णता आतच कोंडते, आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे चांगल्या दराची वाट बघत घराघरात कापूस भरून ठेवलेला काळ. तेलाचं काम कापसाच्या खोलीत किंवा तिच्या शेजारी करूच नका. काम झालं की प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा अंगणात एकेक सुटी पसरून कडक वाळू द्या, मगच फेका.

नंतर

पीयू हाताला वाळलेलं लागलं तरी पूर्ण कडक व्हायला आठवडा घेतं. तोवर टेबलावर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, ते चिकटतं. जड वस्तूही नको. चपडीवर ओरखडा आला तर तेवढ्याच जागी स्पिरिट-चपडीचा बोळा फिरवा, नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. पीयूचं तसं नाही, पूर्ण फळी २२० ने घासून वर नवा हात द्यावा लागतो. म्हणून डब्यात उरलेलं पीयू टाकून देऊ नका. अर्ध्या डब्यात हवा राहून त्यावर साय धरते, तेव्हा ते लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि बाटलीवर नाव, महिना लिहून पोरांच्या हाताला न लागेल अशा फळीवर ठेवा.